परक्याची गाडी, आपला रस्ता

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. अमेरिकेत एका राज्यात नोंदवलेला मालवाहू ट्रक दुसऱ्या राज्यात शिरला, की त्याला कोणते नियम पाळावे लागतात, कोणते कर भरावे लागतात आणि कोणती कागदपत्रं जवळ बाळगावी लागतात, याबद्दल आज बोलायचं आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्यांनी या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारेल. पडावं, कारण नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न या ट्रकच्या निमित्ताने अगदी उघडावाघडा समोर येतो. जो आपला नाही, ज्याला आपल्या गावात मत नाही, त्याच्यासाठी आपण नियम करतो, तेव्हा ते न्याय्य आहेत की नाहीत हे कशावरून ठरवायचं?

आधी राज्याची बाजू ऐकून घेऊ, कारण ती दुबळी मुळीच नाही. रस्ता राज्याने बांधलेला असतो, दुरुस्तीही बव्हंशी तेच करतं. आणि रस्ता झिजवण्याच्या बाबतीत ट्रक आणि मोटार यांची बरोबरीच होऊ शकत नाही. इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवरून दोन वर्षं ट्रक फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून अभियंत्यांनी एक ढोबळ नियम काढला: आसावरचं वजन दुप्पट झालं, की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होतं. तिथल्या आंतरराज्य महामार्गांवर भरलेल्या ट्रकच्या वजनाची सर्वसाधारण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन आहे. असा ट्रक आपल्या हद्दीतून शेकडो मैल जाणार, डिझेल मात्र शेजारच्या राज्यात भरणार आणि आपल्याला एक पैसा न देता निघून जाणार, हे कोणतं राज्य सहन करील?

आता ट्रकवाल्याची बाजू. समजा, इंडियाना राज्यातला एक माणूस आहे. स्वतःचा एकच ट्रक, मालक तोच आणि चालकही तोच. त्याने इंडियानापोलिसहून ओरेगनमधल्या पोर्टलंडपर्यंतचं भाडं घेतलं. वाटेत इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का, वायोमिंग, युटा, आयडाहो आणि मग ओरेगन. स्वतःचं राज्य धरून आठ राज्यं झाली. प्रत्येकाने म्हटलं, की आमची नंबरप्लेट लाव, आमचा डिझेल-परवाना काढ, आमचा शिक्का आण, आमचं विवरणपत्र भर, तर हा माणूस ट्रक चालवणार कधी?

ही काही कल्पनेतली अडचण नव्हे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत साधारण असाच कारभार होता. आंतरराज्य वाहतूकदाराला एक छापील कार्ड जवळ ठेवावं लागे. त्यावर राज्यागणिक चौकोन आखलेले असत आणि ज्या राज्यातून जायचं त्याचा शिक्का विकत घेऊन त्या त्या चौकोनात चिकटवायचा असे. ट्रकवाले त्याला ‘बिंगो कार्ड’ म्हणत. तंबोल्यासारखे चौकोन भरायचे, फक्त बक्षीस नाही, चौकोन चुकला तर दंड.

यातून वाट कशी निघाली, ते नीट समजून घेऊ. आजच्या व्याख्यानाचा पाया तोच आहे.

पहिला करार नोंदणीचा. १९७३ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत ट्रकची नोंदणी एकाच राज्यात होते, त्याच्या मूळ राज्यात. मात्र नोंदणीचं शुल्क त्या राज्याच्या एकट्याच्या खिशात जात नाही. गाडी कोणत्या राज्यात किती मैल धावली, त्या प्रमाणात ते वाटलं जातं. आपल्या ट्रकवाल्याची चाळीस टक्के धाव आयोवात झाली असेल, तर आयोवाच्या वार्षिक शुल्काच्या चाळीस टक्के रक्कम आयोवाला. प्लेट एकच, ती सगळीकडे चालते. अलास्का आणि हवाई सोडून बाकीची ४८ राज्यं, राजधानीचा प्रदेश आणि कॅनडाचे दहा प्रांत यात सामील आहेत.

दुसरा करार इंधनकराचा. तो १९८३ साली आयोवा, ॲरिझोना आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांपासून सुरू झाला. त्याचं तत्त्व ऐकण्यासारखं आहे: कर जिथे डिझेल भरलं तिथे द्यायचा नाही, जिथे जाळलं तिथे द्यायचा. आयोवातून आडवं जायला सुमारे ३०० मैल लागतात. ट्रक गॅलनला सहा मैल देत असेल, तर आयोवात ५० गॅलन जळलं. मग आयोवात एक थेंबही भरलेला नसो, ५० गॅलनचा कर आयोवाचा. पंपावर इलिनॉयला जास्तीचा कर गेला असेल, तर तो वजा होतो. दर तिमाहीला ट्रकवाला एकच विवरणपत्र इंडियानाला देतो आणि राज्यं आपापसात हिशेब मिटवतात. गाडी २६,००० पौंडांपेक्षा जड असली किंवा तिला तीन किंवा अधिक आस असले, की एकाहून अधिक राज्यांत धावताना हा नियम लागू होतो. कधीतरी एखादीच खेप करणाऱ्याला हे सगळं नको असेल, तर त्या त्या राज्याचा काही दिवसांपुरता तात्पुरता परवाना घेता येतो.

हे करार सुरुवातीला ऐच्छिक होते. बरीच राज्यं बाहेरच राहिली, कारण स्वतःची वसुली सोडायला कोण तयार होतो! अखेर १९९१ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. ३० सप्टेंबर १९९६ नंतर जे राज्य या करारांत नसेल, त्याला आपल्या वेगळ्या पद्धतीने परराज्यातल्या ट्रककडून नोंदणी-शुल्क किंवा इंधनकर मागता येणार नाही, असं ठरलं. मग सगळी आली. शिक्क्यांचं कार्डही त्याच कायद्याने मोडीत निघालं. त्याच्या जागी एका राज्यातली एकच नोंदणी आली आणि २००७ पासून वर्षाला एकदा, ताफ्यातल्या गाड्यांच्या संख्येप्रमाणे भरायचं एकत्रित शुल्क आलं. २०२५ साली दोन गाड्यांपर्यंत ते ४६ डॉलर होतं. याशिवाय केंद्राचा वाहतूकदार क्रमांक, परवाना, विमा आणि जड वाहनांवरचा केंद्रीय कर हे सगळं आहेच.

इथपर्यंत व्यवस्थेचं वर्णन झालं. आता न्यायाच्या प्रश्नाकडे वळू.

अमेरिकेच्या राज्यघटनेने राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन काँग्रेसकडे दिलं आहे. त्यावरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ काढला, की काँग्रेसने काही म्हटलेलं नसलं, तरी राज्यांना परराज्यातल्या व्यापाराविरुद्ध भेदभाव करता येत नाही किंवा त्याच्यावर अवाजवी भार टाकता येत नाही. ट्रकच्या बाबतीत हा प्रश्न वारंवार न्यायालयात गेला. त्यातले चार खटले पाहू.

पहिला १९३८चा. साउथ कॅरोलायनाने ट्रकच्या रुंदीवर ९० इंचांची आणि वजनावर २०,००० पौंडांची मर्यादा घातली. देशातले बहुसंख्य आंतरराज्य ट्रक यापेक्षा रुंद आणि जड होते. तरी न्यायालयाने कायदा टिकवला, कारण रस्ते राज्याचे होते आणि मर्यादा राज्यातल्या ट्रकनाही तितकीच लागू होती. न्यायमूर्ती स्टोन यांनी निकालाच्या एका तळटीपेत मात्र मोलाची गोष्ट सांगितली. तिचा आशय असा: नियमाचा भार मुख्यतः राज्याबाहेरच्यांवर पडत असेल, तर विधिमंडळाला आवरणारं असं कुणी उरत नाही. आपल्या लोकांना चटका बसला, तर ते आरडाओरडा करतात, निवडणुकीत पाडतात. परका काय करणार? तो मुकाट्याने पैसे भरतो आणि पुढच्या राज्याची वाट धरतो.

दुसरा १९५९चा, तोही इलिनॉयचाच. तिथे कायदा झाला, की ट्रकच्या मागच्या चाकांवर वळणदार, चाकाला धरून जाणारे मडगार्ड हवेत. सरळ लोंबणारा नेहमीचा मडफ्लॅप चालणार नाही. पण तोच सरळ मडफ्लॅप इतर ४५ राज्यांत चालत होता, आणि आर्कान्सामध्ये तर तोच सक्तीचा होता! म्हणजे इलिनॉयहून आर्कान्साला जाणाऱ्याने हद्दीवर ट्रेलर थांबवायचा आणि मडगार्ड बदलायचे. कापायचं, वेल्डिंग करायचं, त्यात दोन ते चार तास जायचे. ट्रेलरमध्ये स्फोटक माल असेल, तर वेल्डिंगच्या ठिणग्यांचं काय, हाही मुद्दा निघाला. न्यायालयाने एकमताने इलिनॉयचा कायदा अवैध ठरवला. गंमत पाहा, इलिनॉयने भेदभाव केलेला नव्हता. नियम सगळ्यांना सारखा होता. तरी तो पडला, कारण दुसऱ्या राज्याच्या नियमाशेजारी ठेवल्यावर दोन्ही पाळणं अशक्यप्राय होत होतं.

तिसरा १९८१चा, आयोवाचा. शेजारची राज्यं ६५ फुटी जोडट्रेलर चालू देत होती, आयोवा देत नव्हतं. कारण सुरक्षेचं सांगितलं. पण सीमेवरच्या शहरांना सूट, जनावरं वाहणाऱ्यांना सवलत, राज्यातल्या कारखानदारांना सवलत. बाहेरच्या ट्रकनी मात्र वळसा घालून जायचं. वळसा म्हणजे जास्त मैल, आणि जास्त मैल म्हणजे जास्त अपघात, फक्त ते आयोवाबाहेर होणार. आपला धोका शेजाऱ्याच्या अंगणात लोटला, तर त्याला सुरक्षा म्हणायचं का? कायदा रद्द झाला.

चौथा १९८७चा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पेन्सिल्व्हेनियाने प्रत्येक ट्रकवर आसामागे ठरावीक वार्षिक कर लावला, ३६ डॉलर. राज्यातला असो की बाहेरचा, रक्कम तीच. वरवर पाहता काय चुकलं? पण राज्यातला ट्रक वर्षभर तिथेच फिरतो, बाहेरचा कधीमधी येतो. मैलामागे हिशेब केला, तर बाहेरच्यावर साधारण पाचपट भार पडत होता. शिवाय राज्यातल्या गाड्यांचं नोंदणी-शुल्क त्याच बेताने कमी केलं होतं. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कर अवैध ठरवला आणि तो ठरवताना एक कसोटी लावली: हाच कर प्रत्येक राज्याने लावला, तर काय होईल? एका राज्यात राहणारा एकदाच भरेल, अनेक राज्यांतून जाणारा अनेकदा भरेल आणि आंतरराज्य व्यापार आक्रसेल. म्हणून कर वाईट.

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही कसोटी ओळखीची वाटायला हवी. इमान्युएल कान्टने १७८५ साली नीतीचा जो नियम मांडला, त्याचा गाभा हाच होता: ज्या तत्त्वावर तू वागतोस, ते सर्वांसाठी नियम व्हावं असं तुला म्हणता येईल का? खोटं वचन देणारा फसतो तो इथेच. सगळेच खोटी वचनं देऊ लागले, तर वचनाला अर्थच उरत नाही. पेन्सिल्व्हेनियाचा कर तसाच आहे. बाकीच्यांनी तो लावू नये, या अटीवरच तो राज्याला परवडतो. न्यायालयाने कान्टचा आधार घेतला, असं आमचं म्हणणं नाही. पण परक्याशी न्यायाने वागायचं ठरवलं, की विचार फिरून याच ठिकाणी येतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

कसोटी अजून जिवंत आहे. ऱ्होड आयलंडने २०१८ पासून फक्त मोठ्या ट्रकवर टोल बसवला. पण दिवसाला अमुक रकमेपुढे टोल नाही, अशी कमाल मर्यादाही ठेवली. छोट्याशा राज्यात दिवसभर फेऱ्या मारणारा ट्रक बहुधा तिथलाच असणार, त्यामुळे सवलत बव्हंशी त्याच्याच पदरात पडत होती. अपील न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये ट्रकना टोल लावायला हरकत घेतली नाही, या कमाल मर्यादा मात्र अवैध ठरवल्या. उलट मिशिगनच्या १०० डॉलरच्या वार्षिक शुल्काला सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्यता दिली होती, कारण ते राज्याच्या आतल्या आत माल पोचवणाऱ्या ट्रकवर होतं. बाहेरचा नुसता जात असेल, तर त्याला ते लागत नव्हतं.

हाच वाद आपल्याकडेही झालेला आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३०१व्या अनुच्छेदात देशभर व्यापार मुक्त असल्याचं म्हटलं आहे. अजमेर वेगळं राज्य होतं तेव्हा तिथल्या वाहनमालकांनी राजस्थानच्या वाहनकराला आव्हान दिलं. त्यावर १९६२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रस्त्याच्या सोयीची भरपाई म्हणून घेतलेला कर व्यापाराला अडथळा ठरत नाही. २०१६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने हा ‘भरपाईचा’ सिद्धान्त बाजूला सारला आणि भेदभाव आहे की नाही, एवढंच पाहायचं ठरवलं. मुंबईच्या जकात नाक्यावरच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटणार नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि ती जकात संपली.

आता आम्हाला जे म्हणायचं आहे, त्याकडे येतो. सर्वांनी असंच केलं तर काय, ही कसोटी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही.

ओरेगन घ्या, आपल्या ट्रकवाल्याचा शेवटचा टप्पा. ओरेगन १९४७ पासून वजन आणि मैल यांच्या हिशेबाने कर घेतं. २६,००० पौंडांवरच्या गाडीने राज्यात किती मैल धाव घेतली, तिचं जाहीर केलेलं वजन किती, त्यावर दर. हा कर भरणाऱ्याला तिथला डिझेलकर लागत नाही. हलक्या आणि जड वाहनांनी रस्त्याच्या खर्चाचा आपापला रास्त वाटा उचलावा, असं त्या राज्याच्या घटनेतच लिहिलं आहे आणि दर दोन वर्षांनी त्याचा अभ्यास होतो. न्यायाच्या दृष्टीने याहून नेटकी पद्धत शोधून सापडणार नाही. जितकं झिजवाल, तितकं द्या; घरचा असो की बाहेरचा. सगळ्या राज्यांनी हेच केलं, तरी कुणावर अन्याय नाही. कान्टची परीक्षा ओरेगन पहिल्या वर्गात उत्तीर्ण.

पण न्यू यॉर्क, केंटकी आणि न्यू मेक्सिको याही राज्यांत वजन-मैलाचे आपापले कर आहेत, आणि १ जानेवारी २०२३ पासून कनेक्टिकटचाही आहे. गाडी किती जड असली की कर लागतो? ओरेगन, न्यू मेक्सिको आणि कनेक्टिकटमध्ये ढोबळमानाने २६,००० पौंड, न्यू यॉर्कमध्ये सर्वसाधारणपणे १८,०००च्या वर, केंटकीत ६०,०००. खातं वेगळं, विवरणपत्र वेगळं, नियम वेगळे. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम त्याहून निराळे. १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या रस्त्यांवर साधारणपणे २०१० किंवा त्यानंतरच्या प्रतीचंच इंजिन चालतं, मग ट्रक कुठल्याही राज्यातला असो. यातला प्रत्येक नियम एकटा पाहिला, तर त्यामागे कारण आहे. पण अशी ४८ न्याय्य राज्यं आणि ४८ न्याय्य विवरणपत्रं एकत्र केली, तर एका माणसाचं आयुष्य त्यातच जाईल. मडगार्डच्या खटल्याने हेच सांगितलं होतं: नियम एकटा ठीक असतो, त्यांची बेरीज जड होते.

आणि ही बेरीज सगळ्यांना सारखी जड नसते. हजार ट्रकांच्या कंपनीकडे यासाठी वेगळी माणसं असतात. विवरणपत्राचा खर्च हजार गाड्यांत वाटला, की कुणाला कळतही नाही. एकट्या ट्रकवाल्याला तेच विवरणपत्र रात्री, गाडी लावल्यावर, केबिनमधल्या दिव्याखाली भरावं लागतं. तारीख चुकली, तर दंड होतो, व्याज लागतं, प्रसंगी परवाना निलंबित होतो आणि वजनकाट्यावर गाडी अडकते. तिथल्या बहुसंख्य वाहतूकदारांकडे दहा किंवा त्याहून कमी गाड्या आहेत. म्हणजे कागदाचा भार नेमका त्याच्यावर सर्वांत जास्त पडतो, ज्याच्याकडे तो उचलायला माणसं नाहीत.

म्हणून आम्ही परक्याच्या न्यायाचे दोन भाग करतो. पहिला, किती घेता? यासाठी न्यायालयाची कसोटी आहे आणि ती चांगली आहे. दुसरा, कसं घेता? याचं उत्तर न्यायालयाला पूर्णपणे देता येत नाही, कारण न्यायालयापुढे एका वेळी एक राज्य, एक कायदा येतो. बेरीज त्याला क्वचितच दिसते. ती दिसली काँग्रेसला, १९९१ साली. आणि उपाय काय केला? दर एक करा, असं सांगितलं नाही. आयोवाचा डिझेलकर आयोवाच ठरवतं, आजही. एवढंच सांगितलं, की आपसातला हिशेब तुम्ही राज्यांनी करा, तो ट्रकवाल्याच्या डोक्यावर टाकू नका. कराची सत्ता जागच्या जागी राहिली, हेलपाटे फक्त वाचले.

यात एक साधं तत्त्व आहे आणि ते ट्रकपुरतं नाही. वेगवेगळ्या सत्तांच्या मध्ये माणूस सापडला, तर त्या सत्तांचा मेळ घालण्याची जबाबदारी माणसाची नसून सत्तांची आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला गेलेल्या मजुराचं रेशनकार्ड, बदली झालेल्या नोकरदाराची गाडी, परगावी शिकायला गेलेल्या मुलीचे दाखले, सगळीकडे हाच प्रश्न आहे. या खिडकीवर सांगतात, त्या खिडकीवरचा कागद आणा. त्या खिडकीवर सांगतात, आधी इथला आणा. प्रत्येक खिडकीचा नियम कदाचित बरोबरच असेल. पण दोन खिडक्यांमधलं अंतर कुणी चालायचं, हे कुणीच ठरवलेलं नसतं, आणि मग ते ज्याला मत नाही, ओळख नाही, वेळ नाही, त्यालाच चालावं लागतं.

वजन-मैलाच्या करांनाही इंधनकरासारखा एक सामाईक करार होऊ शकेल. दर ज्याचे त्याचे, विवरणपत्र एक. मैलांची नोंद तर ट्रकवाला दोन्ही करारांसाठी राज्यवार ठेवतोच. नवं काही मोजायला नको. डिझेल सोडून विजेवर चालणारे ट्रक वाढू लागले, की इंधनकर आटत जाईल आणि आणखी राज्यं मैलाच्या कराकडे वळतील. तेव्हा हा प्रश्न पाच राज्यांपुरता राहणार नाही. करार आधी करायचा, की पुन्हा एकदा बिंगो कार्डापर्यंत जाऊन मग करायचा, एवढंच त्यांना ठरवायचं आहे.

आज इथे थांबू. प्रश्न असतील, तर आता घेऊ.